वाटाणे मोजणारा संन्यासी

वाटाण्याच्या शेंगा सोलताना आपण दाणे कधी मोजीत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील एका मठवासी संन्याशाने ते हजारांनी मोजले, आणि त्या मोजणीतून आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. त्या संन्याशाचे नाव ग्रेगोर मेंडेल.

त्याचा जन्म इ. स. १८२२ च्या जुलै महिन्यात सायलीशिया प्रांतातील एका खेड्यात झाला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो. मेंडेलचे मूळ नाव योहान. वडील शेतकरी होते. झाडांची कलमे करणे हा त्यांच्या आवडीचा उद्योग, आणि योहान त्यांच्या हाताखाली तो शिकला. १८३८ साली वडिलांना झाड अंगावर पडून जबर दुखापत झाली आणि घरची स्थिती खालावली. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या पैशातील काही भाग भावाच्या शिक्षणासाठी दिला. या बहिणीचे नाव शास्त्राच्या इतिहासात क्वचितच येते, हे मला योग्य वाटत नाही.

१८४३ साली योहान ब्रुनो येथील सेंट थॉमस मठात दाखल झाला आणि ग्रेगोर हे नवे नाव त्याला मिळाले. १८५० साली तो शिक्षकाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. मठाने मात्र त्याला व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे वनस्पतिशास्त्राबरोबर पदार्थविज्ञान व गणित यांचाही अभ्यास त्याला घडला, आणि हेच गणित पुढे त्याच्या कामी आले.

आईबापांचे गुण संततीत दोन रंगांप्रमाणे मिसळून जातात, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. मेंडेलने तो पडताळून पाहण्याचे ठरविले. १८५६ साली मठाच्या बागेत त्याने प्रयोगास आरंभ केला व त्यासाठी वाटाणा निवडला. ही निवड विचारपूर्वक होती. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत झाकलेले असतात. त्यामुळे फूल आपल्याच परागांनी फळते आणि वाण शुद्ध राहतो. दोन वाणांचा संकर हवा असेल, तर कळी उमलण्यापूर्वीच ती उघडून पुंकेसर चिमट्याने काढून टाकावे लागतात. मग दुसऱ्या वाणाचे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावायचे आणि फुलाला पिशवी बांधायची, म्हणजे कीटकांनी भलतेच पराग आणू नयेत. हे नाजूक काम त्याने आठ वर्षे केले.

गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केला, तेव्हा सारेच दाणे गोल निपजले. सुरकुती नाहीशी झाली की काय? त्याने ते दाणे पेरले आणि रोपांना आपोआप फळू दिले. पुढच्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक! उंची, रंग अशी एकूण सात लक्षणे त्याने तपासली, प्रमाण तेच. यावरून त्याने ताडले, की प्रत्येक लक्षणाचे दोन घटक रोपात असतात, एक परागातून आलेला व एक बीजांडातून आलेला. गोलपणाचा घटक प्रभावी असल्याने दुसरा झाकला जातो. पण तो नष्ट होत नाही. दोन झाकलेले घटक एकत्र आले, की सुरकुती पुन्हा दिसते. या घटकांनाच आज आपण जनुक म्हणतो.

१८६५ साली त्याने हा निबंध ब्रुनो येथील निसर्गशास्त्र मंडळात वाचला आणि पुढील वर्षी तो छापला गेला. त्याचे महत्त्व कोणासही उमगले नाही. म्यूनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्याने पत्रव्यवहार केला; त्यांनाही ते पटले नाही. पुढे मेंडेलने हॉकवीड नावाच्या रानफुलावर प्रयोग केले, तर तेथे त्याचे नियम जुळेनात. या वनस्पतीत पुष्कळदा परागांवाचूनच बी धरते, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

१८६८ साली तो मठाधिपती झाला. मठावरील कराच्या वादात त्याची उरलेली वर्षे खर्ची पडली. बहिणीचे उपकार मात्र तो विसरला नाही. तिच्या मुलांच्या शिक्षणास त्याने साहाय्य केले, आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले. ६ जानेवारी १८८४ रोजी मेंडेल निवर्तला.

१९०० साली हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कॉरेन्स व ऑस्ट्रियाचे चेर्माक हे तिघे आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोहोचले. जुने लेख चाळताना त्यांना चौतीस वर्षांपूर्वीचा तो निबंध सापडला. दहा वर्षांनी ब्रुनो येथे मेंडेलचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला.