लेडी मेहरबाई टाटा : मैदानावरील जीवन आणि परळचे रुग्णालय

समुद्रपूरच्या नावात समुद्र असला, तरी वर्धा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या भागातील एखाद्या मुलाला वा मुलीला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, की घरच्यांची वाट प्रथम सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयाकडे वळते. काही कुटुंबे तेथून पुढे वर्ध्याला रात्रीची गाडी धरून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन पोहोचतात. आपल्याकडे टाटाला नेले एवढे म्हटले, तरी आजार कोणता हे ऐकणाऱ्याला उमगते. मात्र या रुग्णालयाच्या उभारणीमागे एका स्त्रीचे आजारपण आणि तिच्या पतीचा शोक आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ती स्त्री म्हणजे लेडी मेहरबाई दोराबजी टाटा. ज्या आजाराने त्यांचा अंत झाला, त्याच आजारातून आज मुले बरी होऊन शाळेत परततात. म्हणून वाचकांना त्यांच्या जीवनाची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

मेहरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी भाभा या पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील होरमसजी भाभा हे शिक्षणतज्ज्ञ होते आणि म्हैसूर संस्थानाच्या शिक्षणखात्यात त्यांनी मोठे पद भूषविले. मुलींच्या शिक्षणाला समाजात फारसे स्थान नव्हते, त्या काळात या घरातील कन्येला पुस्तकांची, संगीताची आणि खेळाची मुभा मिळाली. मोकळ्या वातावरणात वाढलेल्या या मुलीच्या मनात एक गोष्ट लहानपणीच रुजली असावी. आपल्याला जे मिळाले ते इतर मुलींनाही मिळायला हवे, ही ती गोष्ट. त्यांचे पुढील सारे कार्य याच धाग्याने जोडलेले दिसते.

१४ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा विवाह जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी यांच्याशी झाला. दोराबजी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. परंतु दोघांनाही खेळांची विलक्षण आवड होती. मेहरबाई उत्तम घोडेस्वारी करीत, मोटार चालवीत आणि पियानो वाजवीत. त्यांची खरी ख्याती मात्र टेनिसमध्ये होती. पारशी पद्धतीची साडी नेसूनच त्या मैदानात उतरत आणि अशा वेषात त्यांनी साठाहून अधिक बक्षिसे मिळविली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टेनिसच्या मिश्र दुहेरीसाठी मोहम्मद सलीम यांच्यासह त्यांचे नाव भारतातर्फे नोंदविले गेले होते. त्या वेळी त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. स्त्रीने खेळावे की नाही, यावर त्यांनी वाद घातला असेल वा नसेल. त्या स्वतः खेळल्या, आणि लोकांनी ते पाहिले.

पतीला १९१० मध्ये ‘सर’ हा किताब मिळाल्यावर त्या लेडी टाटा म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्या मानाचा उपयोग त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांसाठी केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रेड क्रॉसच्या कामात भाग घेतला. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला राष्ट्रीय परिषदेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. मुलींचे शिक्षण, पडदापद्धतीचे उच्चाटन आणि बालविवाहाला बंदी हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. १९२७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर व्याख्यान दिले. १९२९ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा शारदा कायदा संमत झाला; त्याच्या बाजूने लोकमत तयार करणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता.

त्यांच्याविषयी बोलताना ज्युबिली हिऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. सुमारे २४५ कॅरेटचा हा हिरा दोराबजींनी पत्नीसाठी विकत घेतला होता. आकाराने तो कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बंद पडण्याच्या अवस्थेला आला आणि कामगारांच्या वेतनालाही पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सारी खाजगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली. तीत हा हिराही होता. कारखाना तगला आणि हिरा परत आला. पुढे हा हिरा पुन्हा एकदा लोकांच्या उपयोगी पडावयाचा होता.

१९३१ मध्ये मेहरबाईंना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. खेळाने घडलेले त्यांचे शरीर क्षीण होत गेले. दोराबजींजवळ धन होते, जगातील नामवंत डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचे साधन होते. परंतु त्या काळी या रोगाला आवर घालणारे औषध जगात कोठेही नव्हते. अतिधनिकाची पत्नी आणि खेड्यातील मजुराचे मूल या आजारापुढे तेव्हा सारखेच असहाय होते. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मेहरबाईंचे निधन झाले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

या दांपत्याला अपत्य नव्हते. एकाकी झालेल्या दोराबजींनी आपली संपत्ती लोकांच्या हाती सोपविण्याचे ठरविले. १९३२ मध्ये त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला साहाय्य करणे हे त्याचे मुख्य कार्य असून इतर देशांतील संशोधकांनाही त्याचा लाभ मिळतो. भारतीय स्त्रियांना उच्च शिक्षणासाठी परदेशी जाता यावे म्हणून मेहरबाईंच्या नावाने एक शिक्षणनिधीही उभा राहिला. उरलेल्या संपत्तीतून सर दोराबजी टाटा ट्रस्ट निर्माण झाला. पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी निघालेल्या दोराबजींना ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे मृत्यूने गाठले. पत्नीच्या मृत्यूला तेव्हा एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांचे दफन तिच्याशेजारीच करण्यात आले. ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि त्याचे मोल न्यासाच्या निधीत जमा झाले.

पत्नीवर परदेशात जसे उपचार झाले, तसे भारतातील रुग्णांना मायदेशी मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. न्यासाच्या विश्वस्तांनी ती पूर्ण केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. प्रारंभी तेथे ऐंशी खाटा होत्या. १९६२ मध्ये हे रुग्णालय केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहरबाईंच्या भावाचे पुत्र. आत्याच्या स्मृतीशी जोडलेली संस्था अशा रीतीने भाच्याच्या देखरेखीखाली आली.

दरम्यान औषधशास्त्रानेही पाऊल पुढे टाकले होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना एक नवे औषध दिले आणि काही मुलांचा आजार काही काळ ओसरला. ते औषध तयार करणाऱ्यांमध्ये आंध्रचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तेथून उपचार एकेक पायरी चढत गेले. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे. ही तफावत कमी व्हावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये एक उपक्रम हाती घेतला असून, २०३० पर्यंत जगातील किमान साठ टक्के मुले वाचावीत, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

मेहरबाईंच्या वेळी औषधच नव्हते. आज औषध आहे. परंतु समुद्रपूरच्या मुलाला ते वेळेवर मिळेल का आणि उपचार शेवटपर्यंत टिकतील का, हा प्रश्न आहे. दीर्घकाळ न हटणारा ताप, चेहऱ्यावरील फिकटपणा, मार न लागता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, हाडांतील वेदना, मानेत वा काखेत वाढणाऱ्या गाठी ही लक्षणे दिसताच रक्ताची तपासणी करून घ्यावी. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कठीण असतात. नंतरच्या काळात बरीचशी औषधे घरी राहून घेता येतात. अशा वेळी मूल बरे दिसते म्हणून औषध थांबविणे घातक ठरते. उपचार चालू असताना ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कारण त्या दिवसांत शरीराची संसर्गाशी झुंजण्याची शक्ती फार कमी झालेली असते. खर्चाच्या बाबतीत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो आणि उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत आहे.

तथापि केवळ जीव वाचणे पुरेसे नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे केस गळतात, दहावीचे वर्ष बुडते, मैत्रिणी येईनाशा होतात आणि घरात तिच्या विवाहाची चिंता कुजबुजत सुरू होते. तिच्या आजाराविषयी सर्वांशी बोलले जाते. तिच्याशी मात्र कोणी बोलत नाही. वयाला झेपेल अशा शब्दांत तिला आजार समजावून सांगणे, उपचारांविषयी तिचे मत विचारणे, पुढे अपत्यप्राप्तीवर काही परिणाम होईल का, हे उपचारांपूर्वीच डॉक्टरांना विचारून घेणे, शिक्षण खंडित होऊ न देणे आणि डॉक्टरांनी अनुमती देताच तिला पुन्हा खेळू देणे, यातूनच तिला स्वतःच्या जीवनावरचा हक्क परत मिळतो. हा रोग संसर्गजन्य नाही, एवढी एक गोष्ट शाळेने आणि शेजाऱ्यांनी मनावर घेतली, तरी तिचे अर्धे दुःख हलके होईल.

अशा कामाची उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये मुंबईत ‘उगम’ हा गट सुरू झाला; बालपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण त्यात एकमेकांना आणि नव्या रुग्णांना धीर देतात. हताश झालेल्यांचा आश्रयदाता मानल्या गेलेल्या संत ज्यूड यांचे नाव घेऊन २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड केंद्रे दूरवरून आलेल्या बालरुग्णांना व त्यांच्या आईवडिलांना विनामूल्य निवारा देतात. राहण्याची सोय नसल्याने पदपथावर दिवस काढून अखेर गावी परतणाऱ्या कुटुंबांसाठी असा निवारा औषधाइतकाच मोलाचा आहे.

ज्या मैदानावर स्त्रीला स्थान नव्हते, तेथे मेहरबाई साडी नेसून उतरल्या आणि खेळल्या. आजारातून उठलेल्या मुलामुलींसाठीही मैदान, शाळा आणि घराचे अंगण असेच खुले राहावे. परळच्या रुग्णालयातून समुद्रपूरला परतलेल्या मुलाची केवळ कीव करून आपले काम संपत नाही. त्याच्या वर्गातील बाक राखून ठेवणे, तपासणीच्या तारखेला त्याच्यासोबत कोणी जाईल याची काळजी घेणे आणि त्याला खेळायला बोलावणे, हे गावातील कोणालाही जमण्यासारखे आहे.