ॲव्हरेज किती देते?

जुनी गाडी समोर उभी दिसली की जळगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो. मॉडेल कुठलं, इंजिन कुठलं, हे सगळं नंतर. आधी किती देते ते सांगा. मेहरूण तलावाच्या कडेला संध्याकाळी एखादी जुनी येझदी किंवा राजदूत स्टँडवर लावून दहा मिनिटं थांबून बघा. चालायला आलेला कोणीतरी टाकीवरून हात फिरवत हेच विचारणार. आणि गाडी विकायची असेल तर लगेच दुसरा प्रश्न येतो, रनिंग किती झालंय?

तुमच्यापैकी कित्येकांच्या मोबाईलमध्ये जुन्या इंपोर्टेड गाड्यांचे फोटो सेव्ह केलेले असणार. ब्रिटिश काळात आलेली एखादी बीएसए, नॉर्टन, मॅचलेस. कोणाच्या तरी गोठ्यात पडलेली, गंज चढलेली, कडबा टाकून झाकलेली. ती घ्यायची, खोलायची, पुन्हा उभी करायची. हे स्वप्न बघणाऱ्यांसाठी आज एका म्हाताऱ्याची गोष्ट आणली आहे. हा माणूस न्यूझीलंडचा. त्याने 1920 साली एक अमेरिकन मोटारसायकल घेतली आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं ती सोडलीच नाही.

नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखतं. अँथनी हॉपकिन्सचा 2005 सालचा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा पाहिला असेल तर चेहरा डोळ्यांसमोर येईल. नाही पाहिला तर आधी हा लेख वाचा, कारण सिनेमाने बरीच वर्षं आणि बऱ्याच फेऱ्या एकाच प्रवासात कोंबल्या आहेत. आणि हो, सिनेमाच्या नावातल्या इंडियनचा आपल्याशी काही संबंध नाही. इंडियन ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटारसायकल कंपनी.

बर्टचा जन्म 25 मार्च 1899 चा. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासच्या शेतकरी कुटुंबात तो जन्मला. त्याच्या जुळ्या बहिणीचा जन्मतःच मृत्यू झाला. घरी शेती, आणि बर्टला शेतीचा मनापासून कंटाळा. घरातल्या घोड्यांपैकी सगळ्यात वेगवान घोडा काढायचा आणि वावरातून उधळायचा, हा त्याचा उद्योग. वडील ओरडायचे, पण ऐकतो कोण? बाप शेतात आणि पोराचं मन गाडीत, हे चित्र खानदेशात वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग त्या भागात मोटारी आल्या, मोटारसायकली आल्या, विमानं आली. 1915 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बर्टने पहिली गाडी घेतली. डग्लस नावाची ब्रिटिश मोटारसायकल, 50 पौंडांना. पहिलं महायुद्ध चालू होतं. जग बघायला मिळेल म्हणून त्यालाही जायचं होतं, पण युद्ध संपेपर्यंत तो शेतावरच राहिला. नंतर डोंगरातून जाणाऱ्या ओटिरा रेल्वे बोगद्याच्या कामावर गेला. तिथूनही वडिलांनी परत बोलावून घेतलं.

आणि 1920 मध्ये ती गाडी आली. इंडियन स्काऊट. 600 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, साइड व्हॉल्व्ह, गिअर हाताने टाकायचा. इंजिन नंबर 50आर627. कंपनीच्या हिशेबाने ती ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर जायची. तेव्हा ती व्हिंटेज वगैरे काही नव्हती, शोरूमची ताजी गाडी होती. ती जुनी झाली बर्टच्या हाताखाली, आणि जसजशी जुनी होत गेली तसतशी जास्त पळत गेली. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आपल्या मीटर बघायच्या सवयीला ती सरळ छेद देते.

1926 पासून त्याने स्काऊटमध्ये बदल करायला सुरुवात केली. पैसा नव्हता. दिवसा मोटारसायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि रात्री स्वतःच्या गाडीवर बसायचं, कधी कधी पार सकाळपर्यंत. 1927 मध्ये लग्न झालं, चार मुलं झाली. मधे जागतिक मंदी आली आणि त्याला पुन्हा शेतावर जावं लागलं. 1953 मध्ये इंडियन कंपनीच बंद पडली. तसंही स्पेअर मिळण्यावर त्याचं काही अवलंबून राहिलं नव्हतं, कारण पार्ट तो स्वतःच ओतायचा.

ओतायचा म्हणजे खरंच ओतायचा. जुन्या पत्र्याच्या डब्यांचे साचे करून त्यात पिस्टन ओतायचे. सिलिंडरचे बॅरल, फ्लायव्हील, सगळं घरी. कनेक्टिंग रॉड हवे होते, तर कॅटरपिलर ट्रॅक्टरचा ॲक्सल घेतला आणि त्यातून ते हाताने घासून काढले. माप घ्यायला मायक्रोमीटर म्हणून गाडीच्या चाकाचा जुना स्पोक. साइड व्हॉल्व्हचं इंजिन त्याने ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं, त्याला चार कॅम बसवले. ऑईल फिरवायची पद्धतही स्वतःची. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्या वर्कशॉपमध्ये एक साधा जॉब फाइल करून मापात आणायला किती वेळ लागतो ते आठवा आणि मग कनेक्टिंग रॉडचा विचार करा.

अर्थात हे पार्ट तुटायचे. परत परत तुटायचे. पिस्टन फुटायचा, रॉड इंजिन फोडून बाहेर यायचा. बर्ट ते तुकडे टाकून देत नसे. शेडमधल्या एका फळीवर ते मांडून ठेवायचा आणि हे वेगाच्या देवाला वाहिलेलं आहे, अशा अर्थाची पाटी त्याने वर लावली होती. फळी वर्षानुवर्षं भरत गेली. मला विचाराल तर त्याच्या आयुष्याचा खरा रनिंगचा मीटर ती फळीच.

घर मात्र टिकलं नाही. चाळीसच्या दशकात नवरा-बायको वेगळे झाले. त्याच दशकाच्या शेवटी त्याने नोकरीही सोडली आणि पूर्ण वेळ गाड्यांवर काम करू लागला. स्काऊटच्या जोडीला 1936 ची एक वेलोसेट होती, तिलाही तो असाच सोलून काढायचा. राहायचाही तो त्या गॅरेजमध्येच. सिनेमात हे सगळं गोड वाटतं. चार मुलांच्या आईला ते किती गोड वाटलं असेल, हा प्रश्न सिनेमा फारसा विचारत नाही, म्हणून मी इथे विचारून ठेवते.

इथे थोडं थांबून तुमच्या त्या गोठ्यातल्या बीएसएकडे येऊ.

समजा उद्या कोणी तुम्हाला अशी इंपोर्टेड जुनी गाडी दाखवली आणि म्हणाला, फक्त वीस हजार चाललीय, मीटर बघा. तर मीटर सगळ्यात शेवटी बघा. एक तर ब्रिटिश आणि अमेरिकन मीटर मैलात असतो. वीस हजार मैल म्हणजे बत्तीस हजार किलोमीटर. दुसरं, पाच आकड्यांचा मीटर 99,999 नंतर परत शून्यावर येतो, त्यामुळे वीसचे एक लाख वीस असू शकतात. तिसरं, मीटरची केबल तुटली की आपल्याकडे ती बदलायची घाई कोणालाच नसते, गाडी तशीच वर्षानुवर्षं चालते. आणि इतक्या जुन्या गाडीवरचा मीटर मुळात त्याच गाडीचा आहे याची काय खात्री?

त्यापेक्षा जिथे माणसाचं शरीर गाडीला लागतं तिथे बघा. किकचं रबर, फूटरेस्ट, ब्रेकचं पॅडल, हँडलच्या मुठी. मीटर वीस हजार सांगतोय आणि पॅडलचं लोखंड गुळगुळीत होऊन एका बाजूला झिजलंय, तर पॅडलवर विश्वास ठेवा. उलट, जुन्या गाडीवर सगळी रबरं कोरी करकरीत असतील तर ती का बदलली हे विचारा. चेन स्प्रॉकेटचे दात बघा. झिजले की ते एका दिशेला वाकल्यासारखे, आकड्यासारखे दिसतात. पुढचं चाक उचलून चिमटा पुढे-मागे हलवा, खडखड लागते का बघा. किक हळू दाबा. कॉम्प्रेशन असेल तर पाय अडतो, पाय सरळ खाली गेला तर इंजिनाचा खर्च धरून चाला. आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदाशी जुळवा. नंबरभोवती पुन्हा घासल्याच्या खुणा असतील तर तिथून सरळ निघा.

कागदाचं तर आधीच बघा. 2021 पासून केंद्र सरकारचे व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. बाहेरून आणलेली गाडी असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री लागतं. आणि एक मोठी मेख आहे. ही गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. म्हणजे ॲव्हरेजचा प्रश्न तिथेच मिटला, भो!

गंमत अशी की बर्टची स्काऊट या मूळ रूपाच्या अटीत कधीच बसली नसती. 600 सीसीची गाडी शेवटी 950 सीसीपर्यंत गेली. आतला जवळजवळ प्रत्येक तुकडा त्याच्या हातचा होता. मग ती 1920 ची गाडी म्हणायची का? तिचं रनिंग कुठून मोजायचं, क्रँककेसपासून की मागच्या आठवड्यात ओतलेल्या पिस्टनपासून? जुन्या गाड्यांचे शौकीन यावर तासन्‌तास भांडू शकतात. बर्टला त्याचं काही नव्हतं. त्याला फक्त ती किती पळते हे हवं होतं.

ते मोजायची जगातली नामांकित जागा म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. मिठाचं मैदान, मैलोन्‌मैल सपाट आणि पांढरं. तोवर बर्ट गावाजवळच्या ओरेटी बीचवर, वाळूत, गाडी पळवायचा. न्यूझीलंडमधले विक्रम त्याने तिथल्या तिथे केले. 1957 मध्ये तो बॉनव्हिलला नुसता बघायला गेला. तेव्हा वय 58. हृदयाचं दुखणं लागलेलं. आपल्याकडे या वयाच्या काकांना जिना सावकाश चढायला सांगतात.

1962 मध्ये तो गाडी घेऊन गेला. स्काऊटवर मासळीच्या आकाराचं लाल कवच चढवलेलं, आत तो जवळजवळ आडवा. वय 63, गाडीचं वय 42. इंजिन तेव्हा 850 सीसीचं होतं. 883 सीसी गटात त्याने ताशी सुमारे 288 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. मग तो परत परत जात राहिला, 1966 मध्ये आणखी एक विक्रम झाला. आणि 26 ऑगस्ट 1967 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, 1000 सीसीखालच्या गटात 183.586 मैल, म्हणजे ताशी 295 किलोमीटर. या वेगाने जळगावहून निघालात तर पाच-सहा मिनिटांत भुसावळ येईल. पात्रता फेरीत तर एका दिशेने तो 190.07 मैलांवर पोचला होता, म्हणजे 305 किलोमीटरच्या वर. 55 मैलांची गाडी, 47 वर्षं जुनी.

बॉनव्हिलची एक अट समजून घ्या. एकदा पळून विक्रम होत नाही. एका दिशेने जायचं, मग ठरलेल्या वेळात उलट दिशेने यायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. वारा पाठीशी असल्याचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून. म्हणजे तिथेही शेवटी ॲव्हरेजच विचारतात, फक्त ते पेट्रोलचं नसतं.

नंतर तब्येत साथ देईना. दोन्ही गाड्या गावातल्याच एका हार्डवेअर दुकानदाराकडे गेल्या. 6 जानेवारी 1978 रोजी बर्ट गेला, 78 वर्षांचा होऊन. इन्व्हरकार्गिलला गेलात तर त्या दुकानात, ई. हेज अँड सन्समध्ये, नट-बोल्ट आणि पान्यांच्या रॅकांजवळ त्याची स्काऊट बघायला मिळते.

त्याच्या मृत्यूनंतर 36 वर्षांनी, 2014 मध्ये, त्याचा मुलगा जॉन 1967 चे जुने आकडे बघत होता. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना तेव्हा हिशेबात चूक झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनला कळवलं. त्यांनी पुन्हा गणित मांडलं आणि विक्रम दुरुस्त केला. 183.586 चे 184.087 मैल झाले.