रक्त वाढवणारं पान

रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं आपण पटकन म्हणून टाकतो. डॉ. ल्युसी विल्स तिथेच थांबल्या नाहीत.

जन्म १८८८, इंग्लंड. १९११ मध्ये त्या केंब्रिजची परीक्षा पास झाल्या, पण तिथे तेव्हा मुलींना डिग्रीच देत नसत! मग लंडनला त्या डॉक्टर झाल्या आणि १९२८ मध्ये मुंबईला आल्या. इथल्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा. लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या; नुसत्या लोहाने हा आजार हटणारा नव्हता. विल्सबाईंनी या बायकांचा आहार तपासला, उंदीर-माकडांवर प्रयोग केले. शेवटी यीस्टपासून बनणाऱ्या स्वस्त मार्माइटचा गुण आला. १९३१ मध्ये हे संशोधन छापून आलं.

तो गुणकारी घटक म्हणजे फॉलेट. १९४१ मध्ये पालकातून फॉलिक अ‍ॅसिड मिळालं. नावही ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं. १९६४ मध्ये विल्स गेल्या. आज मावळातल्या सरकारी दवाखान्यातही गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते.

तेव्हा लोणावळ्याच्या मेसमध्ये पालेभाजी बाजूला सारू नका. वर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागेल. आणि चहा? जेवणावर लगेच नको, तो लोह अडवतो!