तेजी आली, पण तळे कुणी खुले केले?

विकास झाला की जात आपोआप गळून पडेल, असे सांगणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. कारखाने आले, रस्ते झाले, माणसाच्या हातात पैसा आला की कोण कुणाची जात विचारतो, असा त्यांचा सवाल असतो. महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली, पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाला बोगदा पडला, आता तुमच्या चळवळीचे काम काय उरले, असे विचारणारेही भेटतात. या मंडळींना उत्तर द्यायला आम्हाला दूर जाण्याची गरज नाही. महाडच्याच मातीत जन्मलेल्या एका माणसाचे आयुष्य पुरेसे आहे. तो माणूस म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे, चळवळीचे आर. बी. मोरे.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली गावी झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, आज तो रायगड आहे. महाड-पोलादपूरचा हा टापू सह्याद्रीच्या पायथ्याचा. जमीन डोंगराळ, त्यातही आपल्या वाट्याला आली ती गावकीची राबणूक. पण या टापूला एक वेगळा वारसा होता. इथली महार मंडळी पिढ्यान् पिढ्या इंग्रजांच्या पलटणीत गेली, तिथे लिहा-वाचायला शिकली आणि पेन्शन घेऊन गावी परतली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेला जाब विचारला. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि गाव सोडून सन्मानाने जगण्याची एक वाट बुजली. उरली ती मुंबईची वाट.

मोरे अवघे अकरा वर्षांचे असताना, १९१४ साली, शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाले. शिष्यवृत्ती सरकारने दिली, पण महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. हे पोर रडत घरी बसले नाही. त्याने अन्यायाची हकीगत लिहून वर्तमानपत्राला पाठवली. ती छापून आली, बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावे लागले. दार उघडले तरी जात आडवी आलीच. इतर मुलांच्या रांगेत त्याला जागा नव्हती. बाहेर, वेगळे बसून शिकावे लागले. गुणवत्ता सिद्ध करूनही जागा मिळत नाही, ती भांडून घ्यावी लागते, हा धडा मोरे यांना शाळेच्या दारातच मिळाला. पुढे गरिबीने शिक्षण अर्धवट सुटले आणि तेही मुंबईला आले. मिळेल ते काम केले, गोदीत घाम गाळला.

ती मुंबई तेजीची होती. पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आवक घटली आणि मुंबईच्या गिरण्यांना सोन्याचे दिवस आले. १९२२ च्या सुमारापर्यंत मालकांनी भरमसाट नफा कमावला, भागधारकांनी लाभांश लुटला. कोकणातून माणसांचे लोंढे गिरणगावात आले. त्यात महाड-पोलादपूरचे आपले बांधवही होते. नाक्यावर चहा आला, चाळीत वर्तमानपत्र आले, सभा आल्या, संप आले. गावकीच्या कामातून सुटलेल्या माणसाच्या हाती प्रथमच रोख मजुरी पडली. हा बदल लहान नव्हता आणि आम्ही त्याला लहान म्हणणारही नाही.

पण या तेजीच्या पोटातही जात जिवंत होती. गिरणीतले साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, चांगल्या पगाराचे. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ होतो म्हणून त्या खात्याचे दार आपल्या माणसाला बंद. यंत्र विलायती, भांडवल आधुनिक, आणि विटाळ मात्र मनूच्या काळचा! १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडावा लागला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. त्याच सुमारास अमेरिकेत भरभराटीचे दशक चालू होते. मोटारी, रेडिओ, वीज घराघरात शिरत होती. १९२० साली तिथल्या स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क मिळाला. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून लाखो काळे बांधव शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्कच्या कारखान्यांकडे निघाले होते. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्याच्या शेजारचे हार्लेम काळ्यांच्या साहित्य-संगीताने गजबजले. पण १९२१ साली टल्सा शहरातली ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटलेली वस्ती गोऱ्यांच्या झुंडीने जाळून टाकली. तिथल्या काळ्या माणसांकडे दुकाने होती, घरे होती, पैसा होता. संरक्षण मात्र नव्हते. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, तेव्हा कामावरून आधी कमी झाला तोही काळा कामगारच. वर्णभेद आणि जातिभेद सर्वस्वी एक नाहीत, पण दोन्हीकडचा अनुभव सांगतो की पैसा माणसाला दारापर्यंत नेतो, दार उघडून देत नाही.

मोरे यांनी हे ओळखले होते. महाडच्या बाजाराला आलेल्या आपल्या माणसाला खिशात पैसे असूनही घोटभर पाणी मिळत नसे. म्हणून बाजारात आपल्या लोकांसाठी चहाचे दुकान निघावे यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. ते नुसते दुकान राहिले नाही, चळवळीचा अड्डा झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. १९२४ च्या जानेवारीत सुरबानाना टिपणीस यांच्या काळात महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. कायदा होता, ठराव होता, तळे होते. नव्हती ती संघटित ताकद.

ती उभी करण्यासाठी महाडला परिषद घ्यावी आणि बाबासाहेबांना तिथे आणावे, ही कल्पना मोरे यांनी धरून ठेवली. मुंबईच्या चाळींतून आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी पायपीट केली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग समाज चवदार तळ्यावर गेला. त्यानंतर सनातनी गुंडांनी प्रतिनिधींवर हल्ला केला, १०८ घागरी पंचगव्य मिसळून तळे 'शुद्ध' करून घेतले. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १९३७ चा मार्च उजाडला. तोपर्यंत मुंबईतली ती तेजी केव्हाच विरून गेली होती.

१९३० साली मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. 'आव्हान' साप्ताहिक काढले, कामगारांत राबले, पुढे मार्क्सवादी पक्षाच्या 'जीवनमार्ग'चे काम उभे केले. पण त्यांनी जातीचा प्रश्न पोटात घालून टाकला नाही. १९५३ साली त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर पक्षश्रेष्ठींना टिपण दिले आणि पुढेही तो विषय लावून धरला. बाबासाहेबांविषयीची त्यांची निष्ठा शेवटपर्यंत ढळली नाही. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा राजकीय मार्ग आमचा मार्ग नव्हे. मजुरीचा लढा जिंकला की जात मरते, हे आम्हाला मान्य नाही. मोरे यांच्या टिपणानेही तेच दाखवले. पण पक्ष वेगळा म्हणून महाडच्या क्रांतीचा हा शिल्पकार आपल्या भाषणांतून गाळला जात असेल, तर तो आपल्याच इतिहासावर अन्याय आहे. दरवर्षी २० मार्चला लाखोंच्या संख्येने आपण क्रांतिभूमीवर जातो. तिथे जाणाऱ्या तरुणाला लाडवलीच्या या पोराची कथा सांगितली पाहिजे.

कारण आजही तेजीची गाणी गायली जात आहेत. कारखाने येतात, पण कायम नोकरीऐवजी कंत्राट येते आणि कंत्राटात आरक्षण बसत नाही. अशा वेळी तेजीच्या आशेवर बसून राहायचे की मोरे यांच्यासारखी वाडीवस्ती पालथी घालून संघटना बांधायची, हे आपण ठरवायचे आहे. चवदार तळे गिरण्यांच्या नफ्याने खुले केले नाही. ते पायी चालत गेलेल्या माणसांनी खुले केले.