सार्वजनिक संपत्तीचा विश्वस्त

धनिकाच्या घरीं जन्मलेला राज्यकर्ता धनिकांचाच कैवार घेणार, असा लोकसमज आहे व अनुभवानें तो बहुधा खराही ठरतो. या नियमास जे थोडे अपवाद इतिहासांत आढळतात, त्यांपैकीं अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

रूझवेल्ट यांचा जन्म ता. २७ ऑक्टोबर १८५८ रोजीं न्यूयॉर्क येथें सधन कुळांत झाला. बालपणीं दम्यानें ते जर्जर असत. पण नित्य व्यायामानें त्यांनीं शरीर कमावलें. १८८० सालीं हार्वर्डची पदवी घेऊन लवकरच ते न्यूयॉर्कच्या विधिमंडळांत गेले. ता. १४ फेब्रुवारी १८८४ रोजीं, एकाच दिवशीं, त्यांच्या मातोश्री व पत्नी निवर्तल्या. शोकाकुल होऊन ते डाकोटा प्रांतीं गुरें पाळण्यास गेले. मनुष्याच्या लोभापुढें कुरणें व वन्य पशू किती त्वरेनें नाहींसे होतात, हें त्यांनीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें.

पुढें मुलकी नोकऱ्यांचे कमिशनर, न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष व क्यूबांतील युद्धानंतर न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर या नात्यानें त्यांनीं वशिला व लांचलुचपत यांवर प्रहार केले. स्वपक्षाच्या मुखंडांस ते इतके जड झाले कीं, उपाध्यक्षपदाच्या शोभिवंत अडगळींत त्यांस टाकण्यांत आलें. परंतु सप्टेंबर १९०१ मध्यें अध्यक्ष मॅकिन्ले यांचा खून झाला व वयाच्या ४२ व्या वर्षीं रूझवेल्ट राष्ट्राचे धुरीण झाले.

१९०२ मध्यें रेल्वेचा मक्ता एकवटणाऱ्या नॉर्दर्न सिक्युरिटीज कंपनीवर त्यांनीं फिर्याद केली व १९०४ सालीं ती मोडविली. १८९४ च्या रेल्वे-संपांत सरकारी फौज संप मोडण्यास गेली होती. उलट १९०२ च्या कोळसा-संपांत रूझवेल्ट यांनीं मालक व मजूर या दोघांसही समोर बोलाविलें, आणि पंचमंडळानें शेंकडा १० वेतनवाढ दिली. अन्न व औषधें यांतील भेसळीविरुद्धचा १९०६ चा कायदाही त्यांच्याच कारकीर्दीतला.

तथापि त्यांची चिरस्थायी कामगिरी अरण्यांची. सुमारें २३ कोटी एकर भूमि त्यांनीं राखली. १९०७ सालीं, सहा पश्चिम संस्थानांत यापुढें अध्यक्षांनीं वनें राखूं नयेत, असें कलम कायदेमंडळानें खर्चाच्या बिलास जोडलें. बिल नाकारावें तर खात्याचा खर्चच बंद पडणार. तेव्हां वनाधिकारी पिंचो यांच्या साह्यानें, सही करण्यापूर्वीच, त्यांनीं १ कोटी ६० लक्ष एकर अरण्य राखीव म्हणून जाहीर केलें. विरोधकांनीं यास जुलूम म्हटलें. आमच्या मतें, जन्मास न आलेल्या पिढ्यांस मताधिकार नसतो. त्यांच्या वतीनें कोणी तरी उभें राहणें अवश्यच होतें.

दोषही सांगितले पाहिजेत. १९०६ सालीं ब्राउन्सव्हिल प्रकरणीं १६७ कृष्णवर्णी सैनिकांस त्यांनीं खटल्यावांचून बडतर्फ केलें. तो अन्याय १९७२ पर्यंत सुधारला नाहीं. राखलेल्या वनांपैकीं अनेकांतून मूळच्या जमाती पूर्वींच हुसकल्या गेल्या होत्या, त्यांच्या हक्काचा विचार त्यांस शिवला नाहीं.

ता. ६ जानेवारी १९१९ रोजीं ते वारले. वनें राखावीं तीं त्यांच्याप्रमाणें निर्धारानें. पण राखतांना तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांस विसरूं नये, असें आमचें अधिकाऱ्यांस व लोकांस सांगणें आहे.