डॉ. वानलेस साहेबांचे सांगलीतील आरंभीचे दिवस

मिरजेच्या मिशन इस्पितळाचे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य सातारा व सांगली या जिल्ह्यांतील खेडोपाडी विरळाच. आजोबांच्या किंवा पणजीच्या डोळ्यांवरचा मोतीबिंदू तेथे निघाला, अशी गोष्ट कित्येक घरांत सांगतात. परंतु ज्यांनी हे इस्पितळ उभारले ते डॉ. विल्यम जेम्स वानलेस प्रथम या प्रांती आले, तेव्हा इस्पितळ नव्हते, शिकवून तयार केलेले मदतनीस नव्हते, आणि ज्यांस बरे करावयाचे त्या लोकांची भाषाही त्यांस येत नव्हती. थोर पुरुषांच्या चरित्रांत शेवटच्या वैभवाचेच वर्णन बहुधा फार असते. आज आम्ही आरंभाविषयी विशेष लिहिणार आहो. कारण आमच्या मंडळ्यांनी व उपदेशक बंधूंनी शिकण्यासारखे त्या आरंभातच पुष्कळ आहे.

वानलेस साहेबांचा जन्म इ. स. १८६५ मध्ये क्यानडा देशातील ऑंटेरिओ प्रांतात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी न्यू यॉर्क येथे घेतले व १८८९ साली ते डॉक्टर झाले. अशा तरुणास त्या मोठ्या शहरात द्रव्य व मान मिळविणे कठीण नव्हते. परंतु त्या काळी अमेरिकेतील विद्यार्थ्यांमध्ये एक निराळेच वारे वाहू लागले होते, आणि त्याचा उगम आमच्याच प्रांताशी जोडलेला आहे. तो संबंध पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून येथे सांगतो.

रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ सालच्या अखेरीस कोल्हापुरास येऊन तेथे मिशनचे काम आरंभिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा कोल्हापुरातच १८६३ साली जन्मला. मोठा झाल्यावर तो अमेरिकेत शिकत असता १८८६ च्या उन्हाळ्यात म्यासाच्युसेट्स प्रांतातील मौंट हर्मन येथे सुमारे अडीचशे विद्यार्थी पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी जमले. त्या सभेत रॉबर्ट वाइल्डर याच्या खटपटीने शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेस जाण्याची आपली तयारी लिहून दिली. त्याची बहीण ग्रेस ही या कामासाठी एकांतात सतत प्रार्थना करीत असे. पुढे ती स्वतः इकडे परत आली आणि वाळवे तालुक्यात इस्लामपुराकडील खेड्यांत तिने सेवा केली. सभेनंतरच्या वर्षी रॉबर्ट व त्याचा एक सोबती हे कॉलेजांतून फिरले, आणि दोन हजारांहून अधिक तरुण-तरुणींनी आपणांस या सेवेसाठी वाहून घेतले. कोल्हापुरात वाढलेल्या एका मुलाने दूरच्या देशातील विद्यार्थ्यांस अशी हाक द्यावी, आणि त्याच काळात त्या देशातून एका तरुण डॉक्टराने कोल्हापुराच्या शेजारी सांगलीस यावे, ही ईश्वराची योजना नव्हे तर काय?

१८८९ साली वानलेस साहेबांचा मेरी मार्शल बाईंशी विवाह झाला, व त्याच वर्षी हे उभयता समुद्रमार्गाने हिंदुस्थानात आले. तेव्हा साहेबांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. प्रेस्बिटेरियन मिशनचे सांगलीचे ठाणे नुकतेच काही वर्षांमागे, म्हणजे १८८४ साली, सुरू झाले होते. तेथे त्यांची नेमणूक झाली.

त्या काळचा मुलूख वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. सांगली व मिरज ही पटवर्धन घराण्यातील संस्थानिकांची गावे होती. कृष्णेच्या काठी वसलेल्या सांगलीत गणपतीचे मोठे मंदिर, विद्वान ब्राह्मणांची वस्ती व भरलेली पेठ होती. भोवतालची तासगाव, वाळवे, खानापूर ही तालुक्यांची गावे मात्र इंग्रजी अमलाखाली, सातारा जिल्ह्यात मोडत. हा भाग १९४९ साली दक्षिण सातारा नावाने वेगळा झाला व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. कोठे संस्थानची हद्द लागे, कोठे सरकारची. परंतु ताप, पटकी, देवी, मूतखडा व आंधळेपण यांस हद्द ठाऊक नव्हती.

नवीन आलेल्या मिशनऱ्याने प्रथम भाषा शिकावी, परीक्षा द्यावी, आणि मग स्वतंत्र काम हाती घ्यावे, असा मिशनांचा शिरस्ता असे. तो शहाणपणाचा होता. परंतु डॉक्टराची गोष्ट निराळी. शिक्षक म्हणू शकेल की शाळा पुढल्या वर्षी उघडू. उपदेशक म्हणू शकेल की भाषा आल्यावर बोलू. पण डॉक्टर आल्याची वार्ता कानी पडली की दुखणेकरी दारात येऊन बसतो, आणि त्याचे दुखणे परीक्षेच्या तारखेपर्यंत थांबत नाही. पंडितापुढे बसून धडा घोकावा तर बाहेर कण्हणे ऐकू येते. बाहेर जावे तर धडा बुडतो, आणि धडा बुडाला म्हणजे उद्याच्या शंभर रोग्यांचे नुकसान होते. वैद्यकीय सेवेस आलेल्या प्रत्येक तरुणापुढे हा पेच उभा राही.

भाषेची अडचण केवढी हे आम्हां मराठी बोलणाऱ्यांस सहज उमगत नाही. मोल्सवर्थ साहेबांचा कोश पाहून शब्दांचे अर्थ कळतील. पण गावची म्हातारी येऊन सांगते की पोटात कळ येते. दुसरा सांगतो की मुरडा होतो. तिसऱ्याच्या बरगडीत चमक निघते. चौथ्याच्या दाढेस ठणका लागला आहे. पाचव्याच्या अंगात कसकस आहे. सहाव्याच्या पायास मुंग्या येतात. परक्यास ही सारी दुखण्याचीच नावे. परंतु कळ व ठणका यांतील भेद ज्यास समजला नाही, त्यास रोगही समजणार नाही. मुंग्या म्हणजे किडे असे ज्याने मानले, तो औषध तरी कसले देणार? न्यू यॉर्कच्या विद्यालयात मोठमोठ्या गुरूंजवळ शिकून आलेल्या मनुष्यास येथे पुन्हा बाराखडीपासून आरंभ करावा लागे, आणि अक्षरशून्य शेतकरी व मोलकरणी यांस गुरू करावे लागे. जो हे नम्रतेने करी तो टिके. ज्यास ते कमीपणाचे वाटे, त्याची विद्या पेटीतच राही.

दुसरी अडचण विश्वासाची. परक्या माणसाच्या हातचे पाणी मिसळलेले औषध घ्यावे की नाही, अशी शंका त्या काळी पुष्कळांस येई. शस्त्राचे भय तर सर्वांसच. मोतीबिंदू सुईने आत ढकलणारे फिरते लोक या देशात पूर्वीपासून होते. त्यांच्या हातून क्षणभर दिसू लागे, आणि मागाहून कित्येकांचा डोळा कायमचा जाई. असा अनुभव आलेल्या माणसाने नव्या परदेशी तरुणाच्या हाती आपला डोळा का द्यावा? डॉक्टरासही ठाऊक असे की पहिल्याच रोग्यास अपाय झाला तर त्याची बातमी वाऱ्याप्रमाणे पसरेल, आणि पुढे कोणी फिरकणार नाही. म्हणून आरंभीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत केवळ एका देहाचे नव्हे, तर सबंध कामाचे भवितव्य टांगलेले असे.

वानलेस साहेबांनी दोन्ही गोष्टी केल्या. त्यांनी भाषा सोडली नाही, आणि रोग्यांसही परत लाविले नाही. सांगलीत लहानसा दवाखाना सुरू झाला. एकाची दृष्टी परत आली की तो आपल्या गावी चार आंधळ्यांस सांगे. पुढच्या बाजारी त्यांतील एकदोघे मुलाचा हात धरून येत. बरे झालेल्या माणसांच्या तोंडूनच या कामाची कीर्ती झाली.

१८९२ साली त्यांनी आपले ठाणे मिरजेस नेले. त्याच सुमारास मिरज हे आगगाडीचे मोठे नाके झाले होते; पुण्याहून सातारा जिल्ह्यातून येणारा लोहमार्ग, बेळगावकडील मार्ग, आणि १८९१ साली झालेला कोल्हापूरचा फाटा हे तेथे मिळत. दूरच्या रोग्यांस याहून सोयीची जागा नव्हती. १८९४ साली इस्पितळाची इमारत उघडली, आणि १८९७ मध्ये या देशातील ख्रिस्ती तरुणांस वैद्यकी शिकविण्याचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गातून निघालेले डॉक्टर पुढे दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामास लागले. कुष्ठरोग्यांसाठी निवारा झाला, व क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरज रस्त्यालगत आरोग्यधाम झाले. तेथील वस्तीस आजही वानलेसवाडी म्हणतात. १९६२ साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांचे शिक्षण याच इस्पितळाच्या आधाराने सुरू झाले.

हे सर्व सुखासुखी झाले नाही. नवविवाहित असता ज्यांनी त्यांच्यासह समुद्र ओलांडला, त्या मेरीबाई १९०६ साली निवर्तल्या. त्यांचे नाव कोल्हापूरच्या मिशन इस्पितळास देण्यात आले. साहेब शोकाने काम सोडून गेले नाहीत. त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ ते मिरजेतच राबले. १९२८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन स्वदेशी गेले, व १९३३ साली अमेरिकेत त्यांचा अंत झाला.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी कधी कोणी नवीन सेवक येईल: शहरातला तरुण, परप्रांतीचा वैद्य, किंवा दूर देशाची परिचारिका. त्याचे बोलणे अडखळेल, लिंग-वचन चुकेल, मुले हसतील. त्या वेळी आठवा की सांगलीत आलेला तो चोवीस वर्षांचा डॉक्टरही आपल्याच लोकांच्या तोंडून एकेक शब्द शिकला, आणि ज्यांनी तो धीराने शिकविला त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. तरी त्या इस्पितळाच्या पायात त्यांचाही वाटा आहे. आणि तुम्हांपैकी कोणास परक्या गावी सेवेस जावे लागले, तर पहिल्या दिवसांच्या एकटेपणाने व चुकांनी खचू नका. प्रथम शिष्य व्हा, मग सेवक व्हा. जो प्रभु स्वतः आपल्यामध्ये सेवा करणारा म्हणून वागला, तो तुमच्या अडखळत्या शब्दांसही फळ देवो.