गोविंदराव टेंबे
गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ - ९ ऑक्टोबर १९५५) हे हार्मोनियमवादक, संगीतकार, नट व लेखक होते. कोल्हापुरात वाढलेल्या टेंबे यांनी पेटीवादन मुख्यतः स्वप्रयत्नाने आत्मसात केले. भास्करबुवा बखले यांची साथ करताना त्यांच्यावर गायकीचे संस्कार झाले. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान' (१९११) या नाटकासाठी त्यांनी दिलेल्या ठुमरी अंगाच्या चालींनी नाट्यसंगीताला नवे वळण लागले. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१५ मध्ये तिच्यातून बाहेर पडून त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे संगीत व हरिश्चंद्राची भूमिका त्यांचीच. मींड न निघणाऱ्या, केवळ साथीची मानल्या गेलेल्या पेटीला त्यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.